उपाध्यक्षांची खुर्ची भरा: लोकसभेतील महाराष्ट्राच्या ४८ सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

लोकसभेच्या अध्यक्षांना पद सोडायचे झाले, तर राजीनामा कोणाच्या नावे लिहायचा? राज्यघटनेचा अनुच्छेद ९४ सांगतो: उपाध्यक्षांच्या नावे. उपाध्यक्षांना पद सोडायचे असेल तर त्यांनी अध्यक्षांना लिहायचे. राष्ट्रपती, पंतप्रधान, सभागृहाचे महासचिव यांपैकी कोणाचाही त्यात उल्लेख नाही. घटनाकारांनी हे पत्रसुद्धा सभागृहाच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. आज त्या पत्रावर घालायला नावच नाही. १७ व्या लोकसभेने जून २०१९ मध्ये अध्यक्ष निवडले आणि पुढची पाचही वर्षे उपाध्यक्षांविना काढली. पूर्ण मुदत अशी काढणारी ती पहिलीच लोकसभा. १८ व्या लोकसभेने २६ जून २०२४ रोजी अध्यक्ष निवडले. वर्ष उलटून गेले तरी उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीखसुद्धा ठरली नाही.

आपण ४८ जण सत्ताधारी बाकांवरही बसता आणि विरोधी बाकांवरही. पत्र मुद्दाम दोन्हीकडच्यांना एकच लिहिले आहे. यातली मागणी मान्य करायला कोणालाही आपल्या पक्षाची भूमिका सोडावी लागत नाही.

आधी घटनेची भाषा पाहू. अनुच्छेद ९३ म्हणतो की लोकसभा शक्य तितक्या लवकर आपल्या दोन सदस्यांना अनुक्रमे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडील, आणि ही पदे जेव्हा जेव्हा रिकामी होतील तेव्हा तेव्हा पुन्हा निवडील. दोन्ही पदे एकाच वाक्यात, एकाच क्रियापदाखाली आहेत. ‘निवडू शकेल’ असे तिथे लिहिलेले नाही. दिवसांची मर्यादा घातलेली नाही हे खरे; पण ‘शक्य तितक्या लवकर’ याचा अर्थ अध्यक्षांच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन बैठका आणि उपाध्यक्षांच्या बाबतीत पाच वर्षे, असा एकाच वाक्यातून कसा काढायचा?

सभागृहाने स्वतः या शब्दांचा अर्थ कसा लावला ते तारखाच सांगतात. पहिल्या लोकसभेने १५ मे १९५२ रोजी ग. वा. मावळंकर यांना अध्यक्ष निवडले आणि ३० मे रोजी एम. अनंतशयनम अय्यंगार यांना उपाध्यक्ष. २००४ मध्ये सोमनाथ चॅटर्जी ४ जूनला अध्यक्ष झाले, चरणजित सिंग अटवाल ९ जूनला उपाध्यक्ष. २००९ मध्ये मीरा कुमार ३ जूनला, करिया मुंडा ८ जूनला. दोन्ही वेळा पाच दिवस. २०१४ मध्ये सुमित्रा महाजन ६ जूनला अध्यक्ष झाल्या आणि एम. थंबीदुराई १३ ऑगस्टला उपाध्यक्ष. उशीर पूर्वीही झाला आहे: १२ व्या लोकसभेत अध्यक्ष मार्च १९९८ मध्ये निवडले गेले आणि उपाध्यक्ष डिसेंबरात. त्या नऊ महिन्यांनाही तेव्हा लांबण म्हटले गेले असेल, पण निवडणूक झाली.

‘पद रिकामे आहे, पण काम कुठे अडले?’ असे बरेच जण विचारतात. सभागृह रोज भरते, अध्यक्ष उठून गेले की तालिका अध्यक्ष खुर्चीवर बसतात, प्रश्नोत्तरे होतात, विधेयके संमत होतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच उणे दिसत नाही. म्हणून तालिका अध्यक्षांचा अधिकार नेमका कुठून येतो आणि कुठे संपतो, हे नीट पाहायला हवे.

लोकसभेच्या नियम ९ प्रमाणे अध्यक्ष जास्तीत जास्त दहा सदस्यांची तालिका नेमतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष बैठकीला हजर नसतील तेव्हा त्यांच्यापैकी एकाने कामकाज चालवायचे. याला आधार अनुच्छेद ९५ च्या दुसऱ्या खंडाचा, आणि त्या खंडातला शब्द ‘अनुपस्थिती’ हा आहे. पहिला खंड वेगळ्याच प्रसंगासाठी आहे: पद रिक्त होणे. अध्यक्षांचे निधन झाले, त्यांनी राजीनामा दिला, त्यांची खासदारकी गेली, तर त्यांची कर्तव्ये उपाध्यक्ष पार पाडतील. उपाध्यक्षपदही रिक्त असेल, तर राष्ट्रपती नेमतील तो सदस्य. इथे तालिकेला जागाच नाही. दोन्ही पदे रिकामी झाली की तालिकेवरच्या दहापैकी कोणालाही खुर्चीवर बसता येत नाही.

आणि राष्ट्रपती नेमणूक कशी करतात? अनुच्छेद ७४ प्रमाणे, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे ज्या सरकारला जाब विचारण्यासाठी हे सभागृह आहे, तेच सरकार सभागृहाच्या खुर्चीवरचा माणूस ठरवणार. सार्वत्रिक निवडणुकीनंतर हंगामी अध्यक्ष असेच नेमले जातात, पण त्यांचे काम शपथा देणे आणि अध्यक्षांची निवड पार पाडणे एवढ्यापुरते असते. ऐन अधिवेशनात अध्यक्षपद रिकामे झाले तर नेमलेल्या सदस्याच्या हाती अध्यक्षांची सगळी कर्तव्ये येतील: एखादे विधेयक धनविधेयक (केवळ कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचे विधेयक) आहे की नाही याचा निर्णय, समसमान मते पडल्यास निर्णायक मत, दहाव्या परिशिष्टाखालची पक्षांतराची प्रकरणे. धनविधेयकाचा शिक्का बसला की राज्यसभेच्या हातात १४ दिवस आणि शिफारशी एवढेच उरते. आमच्या मते या सगळ्या प्रश्नातली सर्वांत गंभीर बाब हीच आहे. उपाध्यक्ष असताना हे सारे अधिकार सभागृहाने निवडलेल्या माणसाकडे आपोआप जातात. उपाध्यक्ष नसले की ते कोणाकडे जातील हे मंत्रिमंडळ ठरवते.

असा प्रसंग येतच नाही, असे समजण्याचे कारण नाही. मावळंकर यांचे २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असताना निधन झाले. अय्यंगार उपाध्यक्ष होते, त्यांनी काम हाती घेतले आणि मार्चमध्ये तेच अध्यक्ष निवडले गेले. जुलै १९६९ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी अध्यक्षपद सोडले. उपाध्यक्ष होते आपल्या खेड मतदारसंघाचे र. के. खाडिलकर. ऑगस्टमध्ये गुरदयाल सिंग धिल्लाँ निवडले जाईपर्यंत जबाबदारी त्यांच्याकडे होती.

तिसरा प्रसंग तर जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ३ मार्च २००२ रोजी अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी आंध्र प्रदेशात हेलिकॉप्टर अपघातात गेले. अर्थसंकल्प २८ फेब्रुवारीला, म्हणजे तीनच दिवस आधी मांडला गेला होता. अनुदानाच्या मागण्या, विनियोजन विधेयक, वित्त विधेयक, सगळे पुढे उभे होते. नवे अध्यक्ष मनोहर जोशी १० मे रोजी निवडले गेले. मधले सव्वादोन महिने लोकसभा उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी चालवली. सईद लक्षद्वीपचे, काँग्रेसचे. सरकार अटलबिहारी वाजपेयींच्या आघाडीचे. त्याच काळात, २६ मार्चला, ‘पोटा’ या दहशतवादविरोधी विधेयकासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. काँग्रेसचा त्या विधेयकाला कडवा विरोध होता, आणि बैठकीच्या अध्यक्षस्थानी होते सईद. विधेयक ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. आपल्या पक्षाला नको असलेला कायदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली संमत झाला, त्या माणसाच्या निष्पक्षतेबद्दल शंका घ्यायला जागा राहिली नाही. सरकारलाही खुर्चीवर कोणाला बसवायचे याची चिंता करावी लागली नाही, कारण तो प्रश्न सभागृहाने ऑक्टोबर १९९९ मध्येच, अध्यक्षांच्या निवडीनंतर पाच दिवसांत सोडवून ठेवला होता.

आता अध्यक्षांना हटवण्याच्या ठरावाकडे या. असा ठराव मांडायला १४ दिवसांची नोटीस लागते, तो दाखल करून घेण्यासाठी ५० सदस्यांनी उभे राहून पाठिंबा द्यावा लागतो, आणि तो संमत व्हायला सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. ५४३ जागा भरलेल्या असतील तर २७२. मावळंकरांविरुद्ध डिसेंबर १९५४ मध्ये आणि बलराम जाखड यांच्याविरुद्ध एप्रिल १९८७ मध्ये असे ठराव आले आणि फेटाळले गेले. ठराव विचाराधीन असताना अध्यक्ष हजर असले तरी त्यांनी खुर्चीवर बसायचे नाही, असे अनुच्छेद ९६ सांगतो. ते सदस्य म्हणून बोलू शकतात, इतर सदस्यांसारखे मतही देऊ शकतात; समसमान मते पडल्यास निर्णायक मत मात्र त्यांना नसते. मग कामकाज कोण चालवणार? उपाध्यक्ष. ते नसतील तर तालिका अध्यक्ष, आणि तालिका नेमलेली कोणी? ज्यांच्याविरुद्ध ठराव आहे त्याच अध्यक्षांनी. तालिकेवरचे सदस्य कितीही सरळ असोत, ही व्यवस्थाच मुळात सदोष आहे. न्यायाधीशांविरुद्धची तक्रार त्यांनीच नेमलेल्या माणसापुढे चालावी, तसे हे आहे. उपाध्यक्षांना मात्र सभागृहाने निवडलेले असते आणि हटवायचे झाल्यास सभागृहच हटवू शकते. ते अध्यक्षांचे दुय्यम नसतात. सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांनी हाही विचार करावा की अध्यक्ष आपल्या बाजूचे असतील तर त्यांच्यावरचा ठराव निर्विवाद पद्धतीने फेटाळला जाणे त्यांच्याच हिताचे आहे.

महाराष्ट्राने याची उलटी बाजू पाहिली आहे. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले आणि ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर निवडले जाईपर्यंत, जवळपास १७ महिने, ते पद रिकामे राहिले. विधानसभेसाठीची तरतूद अनुच्छेद १७८ ते १८१ मध्ये याच धर्तीवर आहे, त्यामुळे अध्यक्षांची कर्तव्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे आली. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा त्यांनीच बजावल्या, त्यांनाच हटवण्याची नोटीसही आली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले. निकाल ११ मे २०२३ रोजी लागला. त्या घडामोडींत कोणाची बाजू बरोबर होती हा या पत्राचा विषय नाही. दोनपैकी एक पद रिकामे ठेवले की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो नेमका वादळाच्या दिवशी येतो, एवढे आपण सर्वांनी जवळून पाहिले. तिथे निदान एक पद तरी भरलेले होते.

किरकोळ वाटणारे नुकसानही आहे. उपाध्यक्ष एखाद्या संसदीय समितीवर असले की तेच तिचे सभापती होतात. अशासकीय विधेयके व ठराव समिती परंपरेने त्यांच्याकडे असते. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, ज्यात मंत्री नसलेल्या सदस्याला स्वतःचे विधेयक मांडता येते, त्यांची आखणी ही समिती करते. तुमच्यापैकी ज्यांनी अशी विधेयके दिली आहेत त्यांना या अडीच तासांची किंमत वेगळी सांगायला नको.

मग अडते कुठे? जाहीरपणे वाद एकाच मुद्द्यावर होतो: पद विरोधकांना द्यायचे की नाही. जून २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली तीही याच ताणातून. विरोधकांचे म्हणणे होते की उपाध्यक्षपद आम्हाला द्या, अध्यक्षांची निवड बिनविरोध होऊ देतो. सत्ताधाऱ्यांना अट मान्य नव्हती. के. सुरेश यांचे नाव पुढे आले आणि ओम बिर्ला आवाजी मतदानाने निवडले गेले.

विरोधकांना पद देण्याचा संकेत चांगला आहे. तो टिकावा असे आम्हाला मनापासून वाटते. १९९० मध्ये राष्ट्रीय आघाडीचे सरकार असताना लातूरचे, काँग्रेसचे शिवराज पाटील, नंतर काँग्रेसच्या काळात भाजपचे एस. मल्लिकार्जुनय्या, वाजपेयींच्या काळात सईद, मनमोहन सिंगांच्या काळात अकाली दलाचे अटवाल आणि भाजपचे मुंडा, अशी ती ओळ आहे. पण हा संकेत आहे, घटनेची अट नाही. जी. लक्ष्मणन, थंबीदुराई यांच्यासारखे मित्रपक्षाचे किंवा तटस्थ पक्षाचे सदस्यही उपाध्यक्ष झाले आहेत. महाराष्ट्र विधानसभेने मार्च २०२५ मध्ये अण्णा बनसोडे यांना उपाध्यक्ष निवडले. ते सत्तेतल्या राष्ट्रवादीचे. विरोधकांना पद मिळाले नाही, पण पद भरले गेले. लोकसभेतही सत्ताधाऱ्यांना विरोधक नको असतील, तर त्यांनी आपला किंवा मित्रपक्षाचा उमेदवार बहुमताने निवडावा. विरोधक टीका करतील, ती ऐकून घ्यावी. विरोधकांनीही ‘आम्हाला नाही तर निवडणूकच कशाला’ असा सूर लावू नये. मतदानात हरणे आणि मतदानच न होणे यात फार मोठे अंतर आहे.

निवडणुकीची पद्धत सोपी आहे. अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राष्ट्रपती ठरवतात, तो नियम ७. उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख मात्र अध्यक्ष ठरवतात, तो नियम ८. बाहेरच्या कोणाचीही संमती लागत नाही. तारीख ठरली की महासचिव प्रत्येक सदस्याला सूचना पाठवतात. त्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी १२ पूर्वी कोणताही सदस्य लेखी नोटीस देऊ शकतो: ‘या सभागृहाचे सदस्य अमुक यांची सभागृहाचे उपाध्यक्ष म्हणून निवड करण्यात यावी.’ सोबत तिसऱ्या सदस्याचे अनुमोदन आणि उमेदवाराचे ‘निवड झाल्यास काम करण्यास तयार आहे’ असे निवेदन. तीन माणसे, एक कागद, एक जोडपत्र.

नोटीस बाद होते ती साध्या चुकांनी. संमतीचे निवेदन जोडायचे राहते. एकच सदस्य दोन प्रस्तावांवर सूचक किंवा अनुमोदक म्हणून सही करतो, जी चालत नाही. स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही, स्वतःच्या नावाला अनुमोदनही देता येत नाही. दुपारचे १२ उलटून जातात. सभागृहात प्रस्ताव ज्या क्रमाने मांडले गेले त्या क्रमाने एकेक मताला टाकले जातात; गरज पडली तर मतविभागणी होते. एक संमत झाला की पुढचे मताला टाकलेच जात नाहीत. म्हणून दोन उमेदवार असतील तर आपल्या उमेदवाराच्या नावाचे प्रस्ताव एकाहून अधिक सदस्यांनी दिलेले बरे, म्हणजे एक बाद झाला तरी दुसरा उभा राहतो. लागते ते हजर राहून मत देणाऱ्यांचे साधे बहुमत. सगळे उरकायला शून्य प्रहराइतका वेळही लागत नाही.

सगळा प्रश्न त्या एका तारखेचा आहे. नियम ८ मध्ये तारीख कोण ठरवील ते आहे, कधीपर्यंत ते नाही. हीच फट बुजवायला हवी. त्यासाठी घटनादुरुस्ती नको. अनुच्छेद ९३ बदलायचा म्हटले तर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागेल. ते घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडेल. नियम बदलणे हा सभागृहाचा घरचा मामला आहे. नियम समितीत १५ सदस्य असतात, अध्यक्ष तिचे पदसिद्ध सभापती. समितीची शिफारस पटलावर ठेवली की सात दिवसांत सदस्य त्यावर दुरुस्ती सुचवू शकतात. कोणी सुचवली नाही तर शिफारस सभागृहाने मान्य केली असे धरले जाते.

आमची सुचवणी अशी. नियम ८ मध्ये भर घालावी: अध्यक्षांची निवड झाल्यापासून, किंवा उपाध्यक्षपद रिक्त झाल्यापासून, सभागृहाच्या ३० बैठकांच्या आत उपाध्यक्षांची निवडणूक होईल, तारीख निश्चित झाली नाही तर ३१ व्या बैठकीच्या कामकाजपत्रिकेवर हा विषय आपोआप येईल. ‘३० दिवस’ न म्हणता ‘३० बैठका’ म्हणण्याचे कारण आहे. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपर्यंत अंतर चालते, आणि निवडणुकीनंतरचे पहिले अधिवेशन छोटे असते. २०२४ मध्ये ते सात बैठकांत संपले. कॅलेंडरचे दिवस धरले तर मुदत सभागृह बंद असतानाच निघून जाईल. ३० बैठका म्हणजे पहिले छोटे अधिवेशन आणि पुढचे एक-दीड नेहमीचे अधिवेशन. पक्षांची बोलणी व्हायला तेवढा वेळ पुरेसा आहे. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. नुसती मुदत घातली आणि ती चुकल्यावर काय हे लिहिले नाही, तर ‘शक्य तितक्या लवकर’चे झाले तेच तिचे होईल.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभा आणि पाच राज्यांच्या विधानसभांमधल्या रिक्त उपाध्यक्षपदांबाबतच्या याचिकेवर केंद्राला आणि त्या राज्यांना नोटीस काढली होती. सभागृहाने स्वतःची खुर्ची कधी भरायची हे न्यायालयाने सांगण्याची वेळ यावी, हे आम्हाला पटत नाही. तुम्हालाही पटू नये.

म्हणून तुमच्याकडून अपेक्षा एवढीच. येत्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सर्वांनी, पक्ष कोणताही असो, एका पत्रावर सह्या करून ते अध्यक्षांना द्यावे. पत्रात कोणाचेही नाव सुचवू नका आणि पद कोणत्या बाजूला जावे हेही लिहू नका. त्या दोन गोष्टी आल्या की सह्या फुटतात. दोनच विनंत्या असू द्या: नियम ८ प्रमाणे निवडणुकीची तारीख याच अधिवेशनातली ठरवावी, आणि नियमात मुदत घालण्याचा विषय नियम समितीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा. तुमच्यापैकी जे कामकाज सल्लागार समितीवर असतील त्यांनी तिथे हा विषय काढून त्याची नोंद इतिवृत्तात होईल असे पाहावे. सह्या गोळा करताना पहिली सही सत्ताधारी बाकांवरच्या सदस्याची आणि दुसरी विरोधी बाकांवरच्या सदस्याची घ्या. तिसरी मग कोणाकडे मागायची हा प्रश्न पडणार नाही.

आपले,
संसदीय कामकाजाचे अभ्यासक आणि महाराष्ट्रातील मतदार